पूजेच्या दिवसाचा फोटो

"पूजेच्या दिवशी आत कॅमेरा कोणी आणला होता, असं विचारणं चाललंय," बाळू म्हणाला आणि त्यानं चहाचा ग्लास तोंडाला लावला.

अच्युतनं कँटीनच्या दाराकडे पाहिलं. "कोण विचारतंय?"

"सिक्युरिटीच असणार, दुसरं कोण? पिपलानीच्या क्वार्टरांमध्ये पण पूछताछ झाली म्हणे. भाऊ, तू डब्याच्या पिशवीतनं आणला होतास ना?"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतोय. तुझंच तोंड उतरलंय."

कारखान्याच्या फाटकावर पाटी होती: आत फोटो काढण्यास सक्त मनाई. विश्वकर्मा पूजेला बायकापोरांना आत सोडत, बुंदीचा प्रसाद वाटत, पण पाटी काही झाकत नसत. गेल्या वर्षी एका फिटरच्या खिशात नकाशाचा तुकडा सापडला होता. नोकरी गेली, क्वार्टरही गेलं. त्याचं सामान ट्रकवर चढताना अच्युतनं पाहिलं होतं. सगळ्यात वर पाळणा बांधलेला होता.

अच्युतचा कॅमेरा म्हणजे नुसता डबा. ऊन आणि ढग अशा दोनच खुणा, मागे लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यातून फिल्मचा आकडा दिसे. असल्या कॅमेऱ्याला कारखान्याच्या शॉपमधला अंधार झेपत नाही. सोबतच्या दत्तूची पत्रे दाबायची प्रेस तेवढी मोठ्या दाराजवळ होती, दुपारी तिच्यावर ऊन यायचं. पूजेच्या दिवशी दत्तूनं प्रेसच्या उघड्या तोंडात झेंडूची माळ अडकवली, शर्ट खोचला आणि शेजारी उभा राहिला.

"आईला गावी पाठवायचाय," तो म्हणाला. "तिला वाटतं, मी इथं पंखे पुसतो."

अच्युतनं श्वास रोखून खटका दाबला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच प्रेसमध्ये दत्तूचा उजवा हात सापडला. चौकशी बसली, फाटकावर पिशव्या उघडून पाहू लागले. दत्तू दवाखान्यात होता. अच्युत एकदाही त्याला भेटायला गेला नाही. आपल्याला तिथं पाहून कोणाला त्या फोटोची आठवण होईल, या भीतीनं त्याचा पाय उचलत नव्हता.

संध्याकाळी तो बाजारातल्या स्टुडिओत गेला. फ्रेमा पाहिल्यासारखं केलं, मग म्हणाला, "पूजेचे फोटो टाकलेत का कोणी धुवायला?"

स्टुडिओवाल्या सुभाषरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "आहे काय त्या पूजेत एवढं? काल पण कुणी हेच विचारून गेलं."

कोण, हे विचारायची अच्युतची हिंमत झाली नाही.

कॅमेरा तांदळाच्या डब्यात होता. रोल अर्धाच भरला होता, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, ही क्वार्टरांच्या लायनीतल्या प्रत्येक घराची रीत. याच्यावर लेकीचा, कांचनचा, पहिला वाढदिवस होता. उरलेले फोटो दिवाळीसाठी राखले होते.

रविवारी सकाळी अच्युतनं कॅमेरा बाहेर काढला तेव्हा त्याची बायको शशिकला कांचनला भरवत होती.

"घरात कॅमेरा असणं काही गुन्हा नाही," ती म्हणाली.

"आतला फोटो असणं आहे."

"मग तेवढा एकच कापून टाका."

"कुठं काय आलंय ते धुतल्याशिवाय दिसत नाही. आणि धुवायला कोणाकडे देऊ? सुभाषराव आवडलेले फोटो काचेत लावतात."

"तर मग नका धुऊ. माझ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवते."

"झडती आली तर पहिली ट्रंकच उघडतील."

शशिकलानं वाटी खाली ठेवली. "हिचा पहिला वाढदिवस परत कुठून आणू मी?"

"नोकरी गेली तर दुसरा कोणत्या घरात करणार आहेस?"

तिनं कांचनचं तोंड पुसलं आणि पुसतच राहिली.

मागच्या अंगणात ऊन चांगलं तापलं होतं. अच्युतनं कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि रोल ओढला. काळा कागद सुटला, त्याच्यापासून फिल्म सुटली. त्यानं ती दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा धरली. काहीच दिसत नव्हतं, राखट फीत नुसती. मग त्यानं ती चुलाण्यातल्या कोळशांवर टाकली. वास आला, धूर आला आणि संपलं.

कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली. "पोहे कर," तो आत येत म्हणाला.

शशिकला उठली नाही.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. अच्युतनं हात पंच्याला पुसले. येऊ देत सिक्युरिटीवाले, आता सापडण्यासारखं घरात काही नव्हतं. त्यानं सरळ जाऊन दार उघडलं.

दारात सुशीला होती, दत्तूची बायको. खांद्याला थर्मास, पायांवर धूळ.

"या ना वहिनी," अच्युत म्हणाला. "मी येणारच होतो दवाखान्यात. ड्यूटी अशी लागलीय की..."

"असू द्या भावजी. बसत नाही मी. खरं तर तुमच्याकडेच आधी यायला हवं होतं. तुम्ही दिसला नाहीत, वाटलं गावी गेलात." तिनं थर्मास दुसऱ्या खांद्यावर घेतला. "साहेब लोक म्हणतात, प्रेसला हात वाचवायची जाळी होती, यांनीच ती काढून ठेवली. असं ठरलं तर भरपाई नाही, नोकरीही नाही. जाळी होळीपासूनच नव्हती, तुम्हाला ठाऊक आहे. पण तोंडानं सांगायला कोणी पुढे येत नाही."

अच्युत चौकट धरून उभा राहिला.

"पूजेच्या दिवशी कुणीतरी यांचा प्रेसपाशी फोटो काढलाय. त्यात सगळं दिसेल. चौकशीत तेवढा दाखवला की सुटलो आम्ही. बाजारात विचारलं, पिपलानीत घरोघर विचारलं. कुणीच सांगत नाही."

आत शशिकलाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"दत्तूला नाही विचारलंत?" अच्युत म्हणाला. "फोटो कुणी काढला ते?"

"रोज विचारते," सुशीला म्हणाली. "नाव सांगत नाहीत. म्हणतात, त्याची नोकरी जाईल."