साठ दिव्यांची डीव्हीडी

बाबा गेल्यावर आईला एकच हवं होतं, त्यांचा आवाज. त्यांच्या साठीच्या समारंभाची व्हिडिओ कॅसेट मी स्टुडिओतून पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि तिला सांगितलं, "आठवड्यात डीव्हीडी करून देतो."

मग सात महिने मी डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर निवडत होतो. नऊ वापरून पाहिली. एकात मेनूला तोरण लावता येईना. दुसरं, मी फुकटात वापरतोय म्हणून, बाबांच्या कपाळावर स्वतःचं नाव छापायचं. मी तक्ता केला, सगळ्यांना गुण दिले. आईनं विचारणं सोडलं, तेव्हा तिचा माझ्यावर विश्वास बसलाय अशी माझी समजूत झाली.

शेवटी झेंडूच्या तोरणाचा मेनू असलेली डीव्हीडी घेऊन मी आईकडे गेलो. टीव्हीखाली प्लेअरच्या जागी मनीप्लांटची कुंडी होती.

"तो कधीच दिला भंगारात," आई म्हणाली. "आणि तुझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर पाठवलंय सगळं. रोज बघते मी."

तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पाटावर बाबा बसलेले, ताटात साठ दिवे लावून आई ओवाळायला उभी, आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज, "थांब गं आई, अजून एकदा अँगल बदलतो."

बाबांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

"ओवाळ गं तू," ते आईला म्हणाले. "याचं ठरेपर्यंत दिवे विझतील."