सहभागी क्रमांक अकरा

रश्मीने मोबाईल गोदाबाईच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघा मावशी. पाच वर्षांचं संशोधन, साठ सेकंदांत. प्रबंध चार माणसं वाचतील. हे कालपासून चाळीस हजारांनी बघितलं."

ती शहरातल्या बुधवाऱ्यातून स्कूटीवर मुद्दाम हे दाखवायला आली होती. पडद्यावर केळीचा बाग आला, मग नाला. फवारणीचे ड्रम नाल्यात धुतात, तेच पाणी झिरपत वस्तीच्या विहिरीत उतरतं, असं रश्मी भराभर सांगत होती. शेवटी नाल्याकडे बोट दाखवणारा एक हात, आणि बदललेला आवाज: 'मालकच म्हने, इथंच धुवा.'

"चेहरा नाही, नाव नाही. प्रबंधातही तुम्ही फक्त सहभागी क्रमांक अकरा. शब्द दिला होता ना मी?"

"परत लाव," गोदाबाई म्हणाली. हात आला तशी म्हणाली, "थांबव."

उजव्या मनगटावर तुळस गोंदलेली. तिच्याखाली विंचू, नांगी नसलेला.

"सुई सहन नाही झाली मले. हात वढून पळाली होती मी. विंचू तसाच राह्यला."

रश्मीचा अंगठा पडद्यावरच थांबला. "गावात सगळ्यांना माहीत आहे हे?"

"संगच्या बायांले. त्या नाही सांगत."

"मी डिलीट करते. अभी के अभी."

तेवढ्यात शेजारची सरुबाई दारात आली. मोबाईलकडे तिने पाहिलंच नाही.

"गोदे, चाल. मालकानं, ललितभाऊनं, कासारीण बलावली. श्रावणाच्या बांगड्या भरून देतो म्हने, बागातल्या साऱ्या मजूर बायांले."

"याच्या आधी कधी भरल्या त्यानं?"

"कधीच नाही." सरुबाईने स्वतःच्या हातातल्या बांगड्या चाचपल्या. "जुन्या काढून या म्हने. हात कोपरापर्यंत धुवून."

रश्मीने गोदाबाईचा दंड धरला. "नका जाऊ मावशी. सोमवारचा उपास आहे, चक्कर येते म्हणा."

"आन एकटी मीच नाही गेली तर?"

गोदाबाईने रांजणातून पाणी घेतलं, हात धुतले, देवीच्या फोटोला जोडले. जुन्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि कोनाड्यात ठेवल्या.

केळीच्या शेडमध्ये बायांची रांग लागली होती. कासारणीच्या शेजारी खुर्ची टाकून ललितभाऊ बसले होते. प्रत्येकीला नावाने विचारत होते, पोरंबाळं बरी ना, म्हणून. बायका मान हलवत होत्या. कोणी हसत नव्हतं.

गोदाबाईची पाळी आली. ती शेडच्या आतल्या बाजूला, अंधारात टेकली. कासारणीने उजवा हात मागितला.

"मावशी," ललितभाऊ हळूच म्हणाले, "जरा इकडं उन्हात सरका. तिथं बांगड्यांचा रंग दिसत नाही."