भामाची सुई

दुष्काळी कामावर, खर्ड्याजवळच्या पाझर तलावावर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली आणि डॉक्टरांची जीप आली. "सुई टोचून घ्या, न्हाईतर काम न्हाई," मुकादमानं बजावलं. गोजरबाईची सून भामा पोटुशी होती. ती घाबरून म्हणाली, "आत्याबाई, पोटातल्याला काय झालं म्हंजी?"

"तू पालात बस. मी बगते."

गोजरबाईनं एक सुई आपल्या नावानं घेतली. मग पदर पुढं ओढून ती पुन्हा रांगेत शिरली आणि भामाच्या नावानं दुसऱ्या दंडात घेतली. दोन्ही दंड सुजले, अंगात ताप भरला. पण सुनेच्या जीवाची धास्ती गेली, याचंच तिला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात भामाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शाळेत उघडलेल्या दवाखान्यात सलाईन लावलं, तरी दुपारी ती गेली. नर्स मरियाबाई गोजरबाईजवळ येऊन बसली. "मावशी, यादीत नाव आहे, सुनेला सुई टोचली होती. तुमच्याकडून काही कमी पडलं नाही."

"टोचली हुती, व्हय," गोजरबाई म्हणाली. "माज्या दंडात."