तिसऱ्या घंटेला

पहिली घंटा झाली तेव्हा बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "घंटा देणारा नवखा दिसतोय. मनगटात जोर नाही."

पस्तीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत शिपाई म्हणून घंटा दिली होती. पुण्यात संगीत नाटक बघायला ते पहिल्यांदाच आले होते, तेही माझ्या सासूबाईंनी हौसेनं काढलेल्या तिकिटांवर. सासूबाई त्यांच्या पलीकडेच बसल्या होत्या. बाबांकडून आज काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसले होते.

दुसरी घंटा झाली. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

तिसरी झाली, दिवे मंदावले आणि बाबा ताडकन उठून उभे राहिले. हात जोडलेले, डोळे मिटलेले. शाळेत तिसऱ्या घंटेला प्रार्थना असायची!

"ओ काका, खाली बसा की!" मागून कुणीतरी खेकसलं. मी त्यांचा शर्ट ओढला. सासूबाईंकडे बघायची तर हिंमतच होईना.

तेवढ्यात पडदा उघडला. समोर सगळी नटमंडळी ओळीनं उभी होती, हात जोडून, डोळे मिटून. पेटीनं सूर धरला आणि नांदी सुरू झाली. मागचा आवाज गप्प झाला. बाबांच्या पलीकडे साडी सळसळली. सासूबाईही हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. मग मीही उठले.

बाबांनी सवयीनं एक डोळा किलकिला केला, स्टेजवरच्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि समाधानानं पुटपुटले, "रांग सरळ आहे. चालू द्या."