डावीकडचा वाडगा

टेबलावर दोन वाडगे होते. उजवीकडच्यात बाजारातून आणलेलं माल्ट, डावीकडच्यात बाल्दोमेरोने स्वतः जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेलं. कुठल्यात कुठलं आहे हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. बाकीच्यांनी दाणे चावून सांगायचं, यंदाच्या घरच्या बिअरला कोणतं घ्यायचं.

त्याची सून मिलाग्रोस डोळे मिटून चावत होती. "डावीकडचं. बिस्किटासारखं लागतंय. उजवीकडचं म्हणजे नुसता भुसा."

"माझंही मत डावीकडच्याला," मुलगा गास्तोन म्हणाला. "बाबा, तुमचंच ना ते? तोंड बघा केवढं खुललंय."

खुलणारच. बाजारात हवं तेवढं मिळत असताना हा म्हातारा घरभर ओले जव पसरून बसतो, म्हणून इतकी वर्षं सगळे त्याची टर उडवत आले होते. आज त्यांचीच तोंडं त्याच्या माल्टने गोड झाली होती.

त्याच्या बायकोचा भाऊ रुपेर्तो अंगणात निखाऱ्यावरचं मांस परतून आत आला. जव त्याच्याच शेतातले. बाल्दोमेरो गेल्या महिन्यात जाऊन गोदामातून पोतं उचलून घेऊन आला होता. त्या दिवशी रुपेर्तो शेतावर नव्हता.

"दाजी, पोतं मागच्या भिंतीजवळचंच नेलंत ना?"

"का रे?"

"दाराजवळची पेरणीची आहेत. औषध चोळलंय त्यांना. उंदीरसुद्धा शिवत नाहीत."

बाल्दोमेरोने डावीकडच्या वाडग्याकडे पाहिलं. त्या दिवशी पाठ धरली होती म्हणून तो गोदामात आत गेलाच नव्हता. दाराजवळचं पोतं ओढून त्याने गाडीत टाकलं होतं. घरी भिजत घातल्यावर पहिलं पाणी लालसर निघालं. पेरणीच्या बियाण्याला लाल रंग देतात तो कुणी चुकून खाऊ नये म्हणून, हे जवाच्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने मात्र स्वतःची समजूत घातली, माती असेल. पाणी नितळ निघेपर्यंत बदलत राहिला. पुढे मोड इतके सुरेख आले की त्या पाण्याची आठवणही त्याला नकोशी झाली.

"मागचंच," तो म्हणाला.

"मग झकास." रुपेर्तोने डावीकडच्या वाडग्यातले चार दाणे तोंडात टाकले.

आता बोलावं तर जन्मभर हसं होणार. न बोलावं तर काय होणार, हा विचार त्याला करवत नव्हता. थोडंसं तर खाल्लंय, इतकं धुतलेलं, भट्टीत भाजलेलं, असं तो मनाला बजावत होता. मिलाग्रोसने पुन्हा वाडग्यात हात घातला. तिला पाचवा महिना लागला होता.

त्याने वाडगा हिसकावून घेतला.

"बाबा, असं काय करताय? मूठभर तर घेतेय."

"थुंका. सगळ्यांनी थुंका आधी. दाराजवळचं पोतं होतं ते."

रुपेर्तो तिथेच फरशीवर थुंकला आणि बाहीने जीभ पुसू लागला. "दाजी, आत्ता मला काय सांगितलंत तुम्ही?" गास्तोन गाडीची किल्ली शोधायला धावला. "दवाखान्यात चला, थोडंसंच गेलंय पोटात, वेळेवर कळलं," तो स्वतःशीच बडबडत होता.

मिलाग्रोस थुंकली नाही. ती सासऱ्याकडे बघत राहिली.

"थोडंसं नाही हो बाबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही भट्टीतून काढून डब्यात भरलंत ना, तेव्हापासून रोज सकाळी खातेय. दुसरं काही पोटात ठरतच नव्हतं."