जरंड्याची वीट

"ही विसावी व्हय?" वीट पिशवीत टाकत बाळासोंनी विचारलं.

"एकविसावी. आज नवस फिटतोय बगा," सुलाबाई म्हणाल्या आणि जरंड्याच्या डोंगराच्या पायथ्याशी झाडाखाली टेकल्या. त्यांचे गुडघे दुखत. बाळासो एकटेच मारुतीची वाट चढू लागले.

नवस सुलाबाईंचाच. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार बाळासो, त्यांच्या हृदयात स्टेंट बसला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि हे टीव्हीसमोर खाटेवर पसरले. डॉक्टर सुलाबाईंनाही म्हणाले होते, साखर वाढलीय, चालत जा. "घरात मी काय बसून असते?" म्हणून त्यांनी तो विषय तिथंच मिटवला. नवऱ्याला असं पडलेलं मात्र त्यांना बघवेना. देवळाच्या कामाला लोक दर्शनाला जाताना एकेक वीट वर नेतात, हे ऐकून त्यांनी सांगून टाकलं, "तुमच्यासाठी एकवीस शनिवार बोललेय." मारुतीचं नाव निघाल्यावर फौजी माणूस मुकाट उठला.

पहिल्याच रविवारी सुलाबाई कोरेगावला बहिणीकडे म्हणून निघाल्या आणि धापा टाकत डोंगर चढल्या. हा गडी अर्ध्या वाटेवर चहा पिऊन परतत तर नाही? वीट वर होती. पण पुजारी म्हणाले, "बाई, काम कवाच संपलं. वीट खाली न्या, हितं ढीग नको."

हे कळलं तर मालक पुन्हा खाटेवर. सुलाबाईंनी पुजाऱ्यांना हात जोडून गप्प बसवलं, वीट खाली आणली आणि पुढच्या शनिवारी तीच नवऱ्याच्या हातात दिली. वीट ती वीट, तिला काय तोंड असतं ओळखायला!

असे वीस रविवार गेले. बहिणीकडे एवढं काय काम, हे बाळासोंनी एकदाही विचारलं नाही. उलट मध्येच रबरी तळाचे बूट आणून दिले. "भनीला दाव," म्हणाले. पेन्शनीत माणसाला काहीबाही सुचतं, असं समजून सुलाबाईंनी ते घातले.

आज मात्र झाडाखाली बसून त्या वरच्या वाटेकडं बघत राहिल्या. नवस फिटला, आता पुढं काय?

बाळासो उतरले ते धाप न लागता. "फिटला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई शेवटचं म्हणून वर गेल्या. विटेला हात लावताना डोळे भरून आले. मालकांना आता कुठल्या निमित्तानं घराबाहेर काढू, असं त्यांनी मारुतीलाच विचारलं.

पुजाऱ्यांनी वीट उचलून त्यांच्या पिशवीत ठेवली.

"रडताय कशाला बाई? मालक काल सांगून गेलं, आनखी एकवीस शनिवार वीट आनतो. तुमची साखर अजून उतरली न्हाई म्हनं."