बिनिफारेलचं फाटक

दुसऱ्या खाडीची चढण संपली तेव्हा बाकीचे केव्हाच लांब निघून गेले होते. आगेदाला पुढे एकच धावपटू दिसत होता, आणि तोही लंगडत होता.

"मावशी, याला तरी मागे टाक," मागून तोफोल ओरडला. "शेवटचा नंबर आला तर गावात तोंड कसं दाखवशील?"

"तू इतकी वर्षं दाखवतोयसच की."

तोफोल हसला. तो तिच्या दिवंगत बहिणीचा मुलगा. शर्यतीत सगळ्यांच्या मागून यायचं, झुडपांना बांधलेल्या लाल फिती सोडायच्या आणि वाटेतलं प्रत्येक फाटक ओढून घ्यायचं, हे त्याचं काम. मेनोर्का बेटावर शेवटी जाणारा फाटक लावतो. एकाची गुरं दुसऱ्याच्या शेतात जाऊ नयेत म्हणून. हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही.

खाली निळा समुद्र पसरला होता. आगेदाने तिकडे पाहिलंही नाही. सहासष्टाव्या वर्षी पायाखालचा दगड पाहावा लागतो.

तिने जन्मभर चपलांचे पट्टे शिवले होते. धावायला लागली ती गेल्या हिवाळ्यात, खानावळीतल्या त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी. उत्तरेचा वारा सुटला की लोक दारं लावून घेत. ही बाहेर पडे. या वयात कशाला, असं कुणी विचारलं तर एकच उत्तर ठरलेलं, "यंदाची शर्यत शेवटची आहे म्हणून."

ते खरंच होतं. किनाऱ्याची वाट सेन्योर दलमाऊंच्या बिनिफारेल मळ्यातून जायची, आणि त्यांना तिथे हॉटेल बांधायचं होतं. वाट कुणाची हे ठरवायला सरकारी मोजणीदार येणार होते. तारीख पडली होती ती नेमकी शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाची, सोमवारची. फाटक उघडं आणि वाट वहिवाटीत दिसली तर ती गावाची. कुलूप दिसलं तर सेन्योरांची. आणि रविवारी शर्यत संपली की कुलूप लागणार, हे सेन्योरांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

त्या बैठकीत पुरुषांनी बराच आरडाओरडा केला. सगळे दमल्यावर आगेदा उठली.

"निदान शर्यत तरी नीट होऊ द्या, सेन्योर. शेवटचा धावणारा तुमच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत कुलूप लावू नका."

"एवढंच ना?" दलमाऊ म्हणाले. "छातीवर नंबर असलेला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत फाटक उघडं. दिला शब्द."

गुरांच्या बाजारात देतात तसा त्यांनी हात पुढे केला. तिने तो सगळ्यांदेखत दाबला. कागद झाला नाही, लागतही नाही. असा हात देऊन फिरलेल्या माणसाकडून बेटावर पुढे कुणी वासरू घेत नाही.

"मागायचंच होतं तर काही मोठं मागायचं होतंस," बायका नंतर म्हणाल्या. पण ते फाटक आगेदाच्या नवऱ्याने रानऑलिव्हच्या वाकड्या लाकडातून घडवलेलं. त्यातून शेवटचं एकदा धावत जायचं असेल बिचारीला, असं गावाने धरलं. तिने नाही म्हटलं नाही.

लंगडणारा एका दगडावर टेकला होता. जाउमे नाव, शेजारच्या गावचा बेकर. आगेदा त्याच्यापाशी थांबली. डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याचा घोटा आवळून बांधला.

"बाई, माझ्यापायी तुमचा वेळ जातोय."

"वेळ आहे माझ्याकडे. ऊठ. तू पुढे हो."

तो पुढे झाला. बिनिफारेलच्या हद्दीत शिरल्यावर एका उतारावर आगेदाचाच पाय घसरला. गुडघा फुटला, रक्त आलं.

"बास झालं आता," तोफोल म्हणाला. "मळ्याच्या रस्त्याने गाडी बोलावतो."

"गाडीत बसून मी इथून बाहेर जाणार नाही."

"मग ती पाठीवरची धोकटी तरी दे इकडे. लोक बनियनवर धावतात, तू बिऱ्हाड घेऊन निघालीस."

"म्हातारीला थंडी वाजते." ती उठली आणि पुन्हा धावू लागली.

"घाई नाही हं, मावशी! तो दारू पिऊन वाटेत झोपलेला पोस्टमन आठवतो ना? दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तरी बँडवाले त्याच्यासाठी वाजवायला आले होते!"

"आठवतो," आगेदा म्हणाली.

वळण घेतलं आणि फाटक दिसलं. पलीकडे अख्खं गाव उभं होतं. दलमाऊ भिंतीला टेकून होते. शेजारी त्यांचा कारभारी साखळी आणि नवंकोरं कुलूप घेऊन तयार. जाउमे लंगडत बाहेर पडला, टाळ्या झाल्या. मग लोक तिच्या नावाने ओरडू लागले. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले.

"या बाई, या," दलमाऊ म्हणाले. "तुमच्यासाठीच खोळंबलोय. घरी जेवण निवतंय."

आगेदाने वेग वाढवला. बँड सुरू झाला. तोफोलने शेवटची फीत सोडून खिशात कोंबली आणि फाटक ओढून घ्यायला हात पुढे केला.

फाटकाच्या हातभर अलीकडे ती थांबली. धोकटी उतरवून तिने त्यातली घोंगडी काढली, लाल मातीवर नीट पसरली आणि वर बसली. बुटांच्या नाड्या सैल केल्या. पाव, चीज, सॉसेज, पाण्याची मोठी बाटली असं एकेक शेजारी मांडलं. बँड अडखळत थांबला.

"काय झालं?" दलमाऊंनी विचारलं. "दोन पावलांवर येऊन दमलात?"

"जरा टेकते, सेन्योर." तिने छातीवरचा नंबर सरळ केला आणि चीज कापायला घेतलं. "उद्या मोजणीदार किती वाजता येणार म्हणालात?"